लेकीच्या वयाचा आहेर

लहान मुलीला काय द्यायचं हा प्रश्न आपल्या गटात कधी ना कधी निघतोच. कुणाच्या नातीचं बारसं असतं, कुणाची लेक दहावीला पहिली येते. आज मी याच गोष्टीचा इतिहास सांगणार आहे. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळात मुलीला कोणत्या वयाला काय मिळायचं हे पाहिलं, की त्या वयात तिच्याकडून घराची काय अपेक्षा होती तेही कळतं.

पहिला आहेर बारशाचा. नाव ठेवणार आत्या, म्हणून कुंची नि अंगडं-टोपडं तिच्याकडून. आजोळहून पाळणा यायचा, ऐपतीप्रमाणे चांदीचे वाळे, बिंदल्या, कंबरेची साखळी यायची. ही नुसती हौस नव्हती. गावात बँक नव्हती तेव्हा चांदी हीच ठेव. पाय मोठा झाला की वाळे मोडायचे, थोडी भर घालून पुढचा दागिना करायचा. आणि पाऊस गेला, बी-बियाणं घ्यायचं झालं की हीच चांदी सावकाराकडे जायची. दागिना मुलीच्या नावाचा, पण गहाण टाकताना तिला कोण विचारतंय! संक्रांतीला बोरन्हाण व्हायचं, काळ्या झबल्यावर हलव्याचे दागिने, डोक्यावरून बोरं-चुरमुरे. इथपर्यंत मुलगा नि मुलगी यांच्यात देण्या-घेण्याचा फार फरक नव्हता. वाळे दोघांनाही, बोरन्हाण दोघांनाही.

फरक सुरू व्हायचा तीन-चार वर्षांनंतर. मुलाच्या हातात भोवरा, विटीदांडू. मुलीला भातुकली. चूल, जातं, पाटा-वरवंटा, उखळ, सगळं बोटभर. कुंभाराकडून मातीची यायची, ऐपत असेल तर पितळेची, कोकणात सावंतवाडीची रंगीत लाकडी खेळणी. त्यात चिंध्यांची बाहुली, आणि बाहुलीचं काय करायचं? तर लग्न. वऱ्हाड जमवायचं, जेवण घालायचं, बाहुली सासरी पाठवायची. मला भातुकली आवडते, तिच्यावर माझा राग नाही. खेळता खेळता मुली मापं शिकतात, वाटून खायला शिकतात. पण एक लक्षात घ्या, तेव्हा तो नुसता खेळ नव्हता. चारपाच वर्षांत तेच खरं करायचं होतं.

कारण आठव्या-नवव्या वर्षी पुढचा आहेर तयार असायचा, तो लग्नाचा. परकर-पोलकं सुटायचं आणि अंगावर चिरडी यायची, म्हणजे लहान मुलीच्या मापाचं लुगडं. मापाचं लुगडं विणलं जायचं, यावरूनच समजा किती लहान मुली ते नेसत असतील. सावित्रीबाई फुल्यांचं लग्न १८४० साली झालं तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या. आनंदीबाई जोशीही नऊच्या. रमाबाई रानडे अकराच्या. त्यानंतर आहेर यायचा तो न्हाण आल्यावर. मखरात बसवायचं, ओटी भरायची, साड्या द्यायच्या, आणि मुलगी नवऱ्याच्या घरी नांदायला जायची.

आता मधलं वय मोजा. दहापासून अठरापर्यंत मुलगी म्हणून तिला काही द्यायची रीतच नव्हती. जे यायचं ते सून म्हणून, बायको म्हणून. सण होते, भोंडल्याची खिरापत होती, पण त्या वयाचा स्वतःचा आहेर नव्हता, कारण ते मुलीचं वयच मानलं जात नव्हतं.

हे वय मुलींना भांडून मिळालेलं आहे. मुंबईच्या रखमाबाईंची गोष्ट यासाठी सांगते. त्यांचा जन्म १८६४चा. वडील त्या लहान असतानाच गेले. पुढे आईने डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी दुसरं लग्न केलं आणि पहिल्या नवऱ्याची मालमत्ता मुलीच्या नावे करून दिली. म्हणजे आठ-नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या नावावर मालमत्ता! त्या काळात असा आहेर किती मुलींना मिळाला असेल? अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी लग्न लागलं, शाळा सुटली. पण त्या आईकडेच राहिल्या, मिशनच्या वाचनालयातली पुस्तकं आणून घरीच शिकल्या. नवऱ्याने १८८४ साली दावा लावला. १८८७ साली कोर्टाने सांगितलं, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंगात जाईन. शेवटी १८८८ साली दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हक्क सोडला. रखमाबाई इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोटला वर्षानुवर्षं बायकांच्या दवाखान्यात काम केलं.

या खटल्याने देशभर चर्चा पेटली. १८९१ साली संमतीवयाचा कायदा आला, दहाचं वय बारा झालं. त्यावर पुण्यात केवढा गदारोळ झाला होता! १९२९ साली शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचं वय चौदा ठरवलं, पुढे पंधरा, आणि १९७८ साली अठरा. कायद्याने एकेक वर्ष मुलीच्या पदरात टाकलं म्हणा ना.

त्या मोकळ्या वर्षांत द्यायचं काय? पहिलं उत्तर पाटी-पुस्तकाचं. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात जोतीराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. त्यांच्या शाळेत शिकलेली मुक्ता साळवे चौदा वर्षांची असताना तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. ज्या वयात शेजारपाजारच्या मुली सासरी भाकऱ्या थापत होत्या, त्या वयात या मुलीचं लिखाण लोक वाचत होते. बक्षीस म्हणून खाऊ नको, वाचनालय द्या, असं तिने साहेबाला सांगितलं, अशीही आठवण सांगितली जाते.

दुसरं उत्तर फार उशिरा आलं, सायकलीचं. पाचवी-सातवीपर्यंतची शाळा गावात, पुढची चार-पाच किलोमीटरवर. मुलगी एकटी कशी जाणार, म्हणून शाळा बंद आणि मग स्थळं बघायची. मानव विकासच्या निळ्या एस.टी. बस, मुलींचा मोफत पास, आठवीपासून मिळणाऱ्या सायकली, हे सगळं नेमकं त्याच वयाला मिळतं. मला विचाराल तर बारा-तेरा वर्षांच्या मुलीला मावशी-मामांनी वर्गणी काढून द्यावी अशी वस्तू सायकल हीच. काही घरांत आजही पाळी आली की मंडप घालून साडीची ओटी भरतात. त्या साडीने गावाला निरोप जातो की मुलगी लग्नाची झाली. तोच पैसा पॅड, चप्पल, दप्तर, सायकल यांत घातला तर निरोप वेगळा जाईल.

बारशाच्या चांदीचंही तसंच. वाळे घालाच, बाळाच्या पायात छान वाजतात. पण जोडीला पोस्टात सुकन्या समृद्धीचं खातं उघडता येतं, मुलगी दहा वर्षांची व्हायच्या आत, वर्षाला किमान २५० रुपये भरून. अठरा वर्षांनंतर शिक्षणासाठी त्यातली निम्मी रक्कम काढता येते. वाळ्यांसारखी ती कुणाला रातोरात गहाण टाकता येत नाही.

आणि आता सरकारचाही आहेर वयाप्रमाणे येतो. १ एप्रिल २०२३ पासून पिवळ्या किंवा केशरी शिधापत्रिकेच्या घरात जन्मलेल्या मुलीसाठी ‘लेक लाडकी’ योजना आहे. वर्षाचं उत्पन्न एक लाखाच्या आत हवं. जन्मल्यावर ५ हजार, पहिलीत ६ हजार, सहावीत ७ हजार, अकरावीत ८ हजार, अठरा पूर्ण झाल्यावर ७५ हजार. एकूण १ लाख १ हजार. टप्पे बघा, बारसं, शाळा, शाळा, शाळा. जुन्या रीतीत जिथे काहीच नव्हतं तिथे दोन हप्ते आहेत. शेवटच्या हप्त्याला अट अशी, की मुलीचं लग्न झालेलं नसावं. अर्ज अंगणवाडी सेविकेकडे करायचा. जन्मदाखला, आधार, शिधापत्रिका, उत्पन्नाचा दाखला आणि बँक पासबुक तयार ठेवा. गटातल्या कुणाच्या घरी पाळणा हलला असेल, तर बारशाला जाताना हे कागद विचारून घ्या.