‘पाहा’ की ‘पहा’? आज्ञार्थाचा मागोवा

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातले जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. 1608 साली जन्मलेल्या या संताने मनाला उपदेश करताना नुसत्या आज्ञेऐवजी ‘करावे’, ‘सोडावे’ अशी विध्यर्थी रूपे पुष्कळदा योजली. आज्ञार्थाचा माग काढायचा तर मात्र आपण आणखी तीन शतके मागे, शके 1212च्या ज्ञानेश्वरीपाशी जायला हवे. तिथे श्रोत्यांना केलेली ‘अवधारिजो’ ही आर्जवी विनंती भेटते आणि पसायदानात ‘वाढो’, ‘पडो’ ही तृतीयपुरुषी रूपे. ‘-इजो’ बोलण्यातून कधीच गेला. ‘-ओ’ मात्र ‘देव तुमचं भलं करो’ या आशीर्वादात अजून घरोघरी नांदतो आहे.

अनेकवचनी आज्ञेचा ‘-आ’ हा प्रत्यय ‘बसा’, ‘करा’ यांत सहज मिसळतो. स्वरान्त धातूशी त्याची गाठ पडली की अक्षरेच बदलतात: दे–द्या, घे–घ्या, पी–प्या, ये–या, धू–धुवा. ‘हो’चे ‘व्हा’ होते तेव्हा तर मूळ धातू ओळखूही येत नाही. स्पॅनिशमध्येही आज्ञा करताना काही क्रियापदांचे स्पेलिंग बदलते, पण उलट कारणाने. शोधणे या अर्थाच्या ‘बुस्कार’चे आदरार्थी ‘बुस्के’ करताना ‘क’चा उच्चार टिकावा म्हणून ‘सी’ हे अक्षर जाऊन तिथे ‘क्यू’ आणि ‘यू’ येतात. आपल्याकडे आधी उच्चार बदलला, लेखन मागून आले.

पुढे छापील व्याकरणे आली: 1805 साली सेरामपूरहून विल्यम कॅरीचे, 1836 साली दादोबा पांडुरंगांचे, 1911 साली मोरो केशव दामल्यांचे. जालन्याच्या मुलखात मात्र 1948पर्यंत सरकारी कारभाराची भाषा निजामाची उर्दू होती. हा मुलूख 1960 साली महाराष्ट्रात आला आणि दोनच वर्षांनी मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांना शासनमान्यता मिळाली. 1972 साली चारांची भर पडून नियम अठरा झाले. त्यांत ‘राहणे, पाहणे, वाहणे’ हीच रूपे ग्राह्य धरली, ‘रहाणे, पहाणे’ त्याज्य ठरवली. आज्ञार्थाला तेवढी सवलत दिली: ‘राहा, पाहा, वाहा’ यांबरोबर ‘रहा, पहा, वहा’ही चालतील. कानाला सवयीचे झालेले रूप नियमाने नाकारले नाही, हा मला त्या नियमांतला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो.

तेव्हा शिक्षकांनो, मुलांच्या वहीत ‘पहाणे’ दिसले तर जरूर दुरुस्त करा. ‘इकडे पहा’ मात्र तांबड्या शाईने खोडू नका.