पाहुण्यांची मोटार : मुंबई व वेरूळ-अजिंठा मार्गावरील पर्यटक-वाहनाच्या निवडीचा इतिहास

१

वाहनांचा इतिहास लिहिताना सामान्यतः दोन पक्षांचा विचार केला जातो : वाहन तयार करणारा आणि ते विकत घेऊन वापरणारा. भाड्याच्या वाहनाच्या बाबतीत ही मांडणी अपुरी पडते. येथे जो वाहन विकत घेतो तो मागच्या बैठकीवर बसत नाही, आणि जो मागे बसतो त्याने ते वाहन निवडलेले नसते. सधन पर्यटकांना हिंडविण्याच्या व्यवसायात हा भेद विशेष तीव्र होतो. पर्यटक दोन दिवस मोटारीत बसतो व निघून जातो. मालकाचे भांडवल त्या मोटारीत कित्येक वर्षे अडकून राहते. परक्याच्या आवडीचा अंदाज घेऊन स्वतःचा पैसा पणाला लावणे, असे या निवडीचे स्वरूप आहे.

अशा मोटारीची निवड केवळ प्रतिष्ठेवरून होते, हा समज रूढ आहे. मुंबई आणि वेरूळ-अजिंठ्याचा मार्ग यांपुरता विचार केला, तरी तो पुरता खरा नसल्याचे दिसून येते. बाजारात काय मिळते व कायदा कशास अनुमती देतो, हे वेळोवेळी बदलत गेले. परंतु चढण्या-उतरण्याची सोय, सामानाची जागा आणि वाटेत होऊ शकणारी दुरुस्ती या तीन कसोट्या घोड्याच्या गाडीपासून आजतागायत टिकून आहेत. त्यांत कालांतराने चौथीची भर पडली. ती म्हणजे, पर्यटक नसताना त्या मोटारीचे काय करावयाचे, ही होय.

२

मोटार येण्यापूर्वी मुंबईत भाड्याच्या वाहनांची एक श्रेणी तयार झालेली होती, आणि तिची साक्ष शब्दांतून मिळते. ‘शिग्राम’ हे मुंबईकडील बंद गाडीचे नाव ‘शीघ्र’ या शब्दाशी जोडले जाते. ‘फिटन’ हे ‘फेटन’ या इंग्रजी नावाचे देशी रूप होय, आणि त्या नावाचे मूळ ग्रीक पुराणकथेतील सूर्यपुत्राच्या नावात आहे. ‘व्हिक्टोरिया’ हे नाव तर राणीचेच. मुंबईत शेवटी टिकली ती व्हिक्टोरिया. तिची कारणे तिच्या बांधणीत सापडतात. तिचा मागचा भाग जमिनीपासून फारसा उंच नसे, त्यामुळे वृद्ध माणसाला किंवा पायघोळ वस्त्रातील स्त्रीला पायरीवरून सहज चढता येई. छत उन्हापावसाप्रमाणे उघडता-मिटता येई. हाकणारा पुढे उंच बैठकीवर बसत असल्याने बसणारांचे संभाषण व त्याचे काम यांत अंतर राही. १९०३ मध्ये अपोलो बंदरावर ताजमहाल हॉटेल सुरू झाले, त्या काळी पाहुण्यांना नेण्या-आणण्यासाठी लागणाऱ्या वाहनाचे गुण हेच होते.

मोटारीबरोबर जे शब्द आले, त्यांपैकी काही रुजले व काही रुजले नाहीत. ‘टॅक्सी’ हा शब्द भाडे मोजणाऱ्या यंत्राच्या फ्रेंच नावावरून निघाला आणि मराठीत सर्वत्र रुळला. ‘लिमोझिन’ हा शब्द फ्रान्समधील लिमूझँ या प्रांताच्या नावावरून आलेला आहे. मराठीत तो वर्णनापुरताच राहिला. ‘शोफर’ या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थ भट्टी पेटती ठेवणारा, म्हणजे वाफेच्या यंत्रावरील आगवाला. पुढे धन्याची मोटार हाकणारा पगारी सेवक असा त्याचा अर्थ झाला. मराठीने तो घेतला नाही. तिने ‘ड्रायव्हर’ घेतला, आणि त्याच्या जोडीला ‘गाडीवाला’ हा आपला शब्द ठेवला. या निवडीचे महत्त्व लेखाच्या अखेरीस स्पष्ट होईल.

३

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात मुंबईतील भाड्याच्या मोटारींवर अमेरिकी बनावटीचा प्रभाव होता. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत जुळणीचा कारखाना काढला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात पुढे डॉज, डीसोटो व प्लिमथ या मोटारींची जुळणी होऊ लागली. या मोटारी लांबरुंद होत्या. त्यांची मागची बैठक ऐसपैस होती, आणि पेट्या ठेवण्यास मागे भरपूर जागा होती. पाहुण्यांच्या दृष्टीने त्यांत उणे फारसे नव्हते.

१९५३ मध्ये जकात आयोगाने मोटारधंद्यासंबंधी शिफारशी केल्या. देशात उत्पादन करण्याचा कार्यक्रम ज्यांच्याजवळ नाही, अशा केवळ जुळणी करणाऱ्या कंपन्यांनी येथे राहू नये, असे धोरण ठरले. जनरल मोटर्स व फोर्ड यांनी आपले येथील काम गुंडाळले. यानंतर जवळजवळ तीस वर्षे नव्या मोटारीची निवड म्हणजे हिंदुस्थान मोटर्स, प्रीमियर व मद्रासची स्टँडर्ड या तिघांतील निवड होय. त्यातही मोटारीसाठी नाव नोंदवून दीर्घकाळ वाट पाहावी लागे. निवडीचे स्वातंत्र्य असे आकुंचित झाले असता टिकून राहिलेल्या कसोट्या कोणत्या, हे पाहणे म्हणूनच उद्बोधक ठरते.

४

हिंदुस्थान मोटर्सच्या उत्तरपाडा येथील कारखान्यातून १९५७ पासून तयार होऊ लागलेली अँबेसेडर ही मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेची भारतीय आवृत्ती होती. प्रीमियरने फियाट ११०० ही इटालियन मोटार येथे तयार केली आणि पुढे तिलाच ‘पद्मिनी’ हे नाव दिले. फियाट आटोपशीर व हलकी होती. दाट रहदारीत ती सहज वळे, आणि म्हणूनच मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीचे ती दुसरे नाव झाली. परंतु पाहुण्यांच्या मोटारीस हे गुण पुरेसे नव्हते. टॅक्सीतील जादा सामान टपावरील जाळीवर चढविले जाई. दूरच्या प्रवासाला निघालेल्या पाहुण्याच्या पेट्या धुळीत व पावसात टपावर बांधणे, हे मालकाला कमीपणाचे वाटल्यावाचून राहत नसे.

अँबेसेडरची उंची सुमारे १.६ मीटर होती. तिचे दार उंच, बैठक जमिनीपासून बऱ्याच वर, आणि मागे पाय पसरण्यास जागा. ज्याला वाकता येत नाही अशा माणसालाही तिच्यात बसता येई. पुढची बैठक सलग असून गिअरचा दांडा चक्राच्या खांबाला जोडलेला होता. त्यामुळे चालकाच्या शेजारी माहितगार वाटाड्याला बसविता येई, व मागची बैठक पाहुण्यांस पूर्णपणे मोकळी राही. १,४८९ घनसेंटीमीटरचे तिचे इंजिन वेगासाठी प्रसिद्ध नव्हते. शीतयंत्र बसविल्यावर चढावर त्याची दमछाक होई. पण तिची रचना तालुक्याच्या गावातील कारागिरालाही परिचित होती, आणि सुटे भाग सर्वत्र मिळत.

परदेशी बनावटीच्या मोटारी या काळात अजिबात नव्हत्या असे नाही. वकिलातींनी वापरलेल्या मोटारी राज्य व्यापार महामंडळामार्फत विक्रीस येत, व त्यांपैकी काही पर्यटकांच्या सेवेत दाखल होत. त्या शहरात, हॉटेल आणि विमानतळ यांच्या दरम्यान शोभून दिसत. मात्र एखादा भाग मोडला की मोटार आठवडेच्या आठवडे उभी राही. उभी राहिलेली मोटार मालकाला काही मिळवून देत नाही, पण तिच्यावरील कर्जाचे व्याज थांबत नाही.

५

या कसोट्यांची खरी परीक्षा अजिंठ्याच्या रस्त्यावर होई. औरंगाबादहून (२०२३ पासून अधिकृत नाव छत्रपती संभाजीनगर) वेरूळ वायव्येस सुमारे ३० किलोमीटर, तर अजिंठा ईशान्येस, फुलंब्री व सिल्लोडवरून, सुमारे १०० किलोमीटर. दोन्ही दिशा भिन्न असल्याने बहुतेक पाहुण्यांस दोन दिवस मोटार लागते. वेरूळची लेणी मंगळवारी व अजिंठ्याची सोमवारी बंद असल्यामुळे दिवसांचा मेळ घालणे हेही गाडीवाल्याच्याच माहितीवर सोपविलेले असते. १९८३ मध्ये दोन्ही स्थळांची जागतिक वारशाच्या यादीत नोंद झाली.

या प्रवासात मोटार जितका वेळ धावते, जवळपास तितकाच वेळ ती उन्हात उभी असते. पाहुणे लेण्यांच्या पायऱ्या चढून उतरून दमलेले परत येतात, तेव्हा त्यांना तापलेल्या पत्र्याच्या पेटीत बसवावयाचे नसते. म्हणून पांढरा रंग पसंत केला जातो, म्हणून शीतयंत्राचा जोर मागच्या बैठकीपर्यंत पोचतो की नाही हे पाहिले जाते. पायऱ्यांनी गुडघे दुखत असलेल्या माणसाला खोल बैठकीत उतरविणे हा एक त्रास, व उंच पावठ्यावर चढविणे हा दुसरा. मोटारीची किंमत कितीही असो, या क्षणी पाहुण्याचे मत बनते.

६

१९८४ मध्ये हिंदुस्थान मोटर्सने काँटेसा बाजारात आणली. ब्रिटनमधील व्हॉक्सहॉल कंपनीच्या मोटारीवर ती आधारलेली होती. रूप रुबाबदार, मागे सामानास मोठी जागा. परंतु आरंभीचे इंजिन अँबेसेडरचेच असल्याने ते त्या देहाला अपुरे पडे. इसुझूचे इंजिन बसविल्यावर हा दोष दूर झाला, आणि काही वर्षे काँटेसा हीच वरच्या श्रेणीची पर्यटक मोटार ठरली. तिचे उत्पादन २००२ मध्ये थांबले.

१९९३ मध्ये मोटारधंदा परवानामुक्त झाला. १९९५ पासून पुण्याजवळ पिंपरी येथे मर्सिडीजच्या मोटारींची जुळणी सुरू झाली. आता प्रतिष्ठेची मोटार मिळणे हा केवळ पैशाचा प्रश्न राहिला. प्रतिष्ठा हीच मुख्य कसोटी असती, तर यानंतर पर्यटकांच्या दूरच्या प्रवासातून इतर मोटारी हटल्या असत्या. तसे घडले नाही. मर्सिडीज हॉटेलच्या दारात राहिली. दूरच्या रस्त्यावर अँबेसेडरची जागा क्रमाने निराळ्याच प्रकारच्या वाहनांनी घेतली.

त्यांतील पहिले टाटा सुमो, १९९४ चे. सुमंत मुळगावकर यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून त्याचे नाव ठेवण्यात आले. ते दणकट होते. पण चढण्यास उंच, आणि मागच्या बैठका आडव्या. मोठ्या कुटुंबांस ते मानवले, वृद्ध परदेशी पाहुण्यांस तितकेसे नाही. २००० मध्ये टोयोटा किर्लोस्करने क्वालिस व २००५ मध्ये इनोव्हा आणली. इनोव्हाची मधल्या रांगेची बैठक उंचीला बेताची होती. वरच्या प्रतींत तेथे दोन स्वतंत्र आसने मिळत. थंड हवेचे झरोके मागच्या रांगांपर्यंत नेलेले होते, आणि शेवटची रांग मिटविली की पेट्यांची सोय होई. थोडक्यात, अँबेसेडर ज्या गुणांवर टिकली होती, तेच गुण इनोव्हात नव्या यंत्रासह एकत्र आले. अँबेसेडरचे उत्पादन २०१४ मध्ये बंद झाले, तेव्हा या मार्गावरील तिचा वारसा आधीच ठरून गेला होता.

७

चौथी कसोटी कायद्याने व ऋतुमानाने निर्माण केली. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाने ‘पर्यटक वाहन’ ही कंत्राटी वाहनाची एक वेगळी जात मानली, आणि १९८९ च्या केंद्रीय नियमांनी अशा मोटार-कॅबच्या पर्यटक परवान्याला वाहनाच्या वयाची नऊ वर्षांची मर्यादा घातली. (२०२१ व २०२३ मध्ये अखिल भारतीय पर्यटक परवान्यासाठी स्वतंत्र नियम झाले.) नऊ वर्षे म्हणजे १०८ महिने. परदेशी पाहुण्यांचा हंगाम ऑक्टोबर ते मार्च धरला, तर त्यांतील ५४ महिनेच मुख्य कमाईचे उरतात. बाकीच्या ५४ महिन्यांत ती मोटार लग्नसराईत, कारखान्यांच्या अधिकाऱ्यांसाठी किंवा देवदर्शनाच्या सहलींना चालली नाही, तर हंगामातील मिळकत तिच्या पोटातच जाते. जी मोटार केवळ सधन पाहुण्यालाच शोभते, ती मालकाला सर्वांत धोक्याची.

मार्च २०२० मध्ये महामारीमुळे परदेशी पर्यटकांचे येणे थांबले, आणि पर्यटक व्हिसा पूर्ववत देण्यास नोव्हेंबर २०२१ उजाडला. या काळात ज्याची मोटार स्थानिक भाड्यासही चालण्याजोगी होती, त्याला निर्बंध सैल होताच थोडेफार काम मिळण्याची शक्यता होती. ज्याची मोटार केवळ पाहुण्यांसाठी घेतलेली होती, त्याच्यापाशी हप्ते तेवढे शिल्लक राहिले.

८

यावरून ‘शोफर’ या शब्दाच्या अभावाचा उलगडा होतो. त्या शब्दात धनी वेगळा व हाकणारा वेगळा हे गृहीत आहे. मोटार निवडणे हे धन्याचे काम, ती चकचकीत ठेवणे हे सेवकाचे. या व्यवसायात, विशेषतः लहान शहरांत, कर्ज काढून मोटार घेणारा, ती हाकणारा, उन्हात तिच्याशेजारी थांबणारा आणि नवव्या वर्षी ती विकण्याची चिंता करणारा पुष्कळदा एकच मनुष्य असतो. ‘गाडीवाला’ हा शब्द मालक व चालक यांत भेद करीत नाही. ती या शब्दाची संदिग्धता नसून त्याची अचूकता होय. पर्यटकाच्या मोटारीची निवड पाहुण्याच्या दृष्टीने पाहिली तर ती आरामाची गोष्ट दिसते. गाडीवाल्याच्या दृष्टीने पाहिली तर तो नऊ वर्षांच्या निर्वाहाचा निर्णय असतो. या विषयाचा इतिहास लिहिताना दुसरी दृष्टी सोडून चालणार नाही.