सांगणारा आणि ऐकणारा : मराठी आत्मकथनातील श्रोत्याचे स्थान

कवी, नट, गायक अथवा लेखक आपल्या आयुष्याविषयी व कलेविषयी लोकांसमोर बोलू लागला म्हणजे आपण त्याच्या बोलण्याकडे लक्ष देतो. तो कोणाशी बोलतो आहे, याकडे सहसा देत नाही. आत्मचरित्राचा इतिहास लिहितानाही 'स्व'चा विकास हेच सूत्र धरण्याचा आपला प्रघात आहे. परंतु मराठीपुरते पाहिले तर या कथनांत सांगणाऱ्याइतकाच ऐकणारा महत्त्वाचा आहे. किंबहुना ऐकणाऱ्याने मागितले म्हणूनच सांगणाऱ्यास बोलण्याचा अधिकार मिळाला, असे अनेक ठिकाणी दिसते. हा श्रोता छापील ग्रंथातून हळूहळू कसा दिसेनासा झाला आणि त्यामुळे अभ्यासकाचे काय नुकसान होते, हे येथे थोडक्यात मांडावयाचे आहे.

सतराव्या शतकातील तुकारामांचे आत्मपर अभंग हे याचे ठळक उदाहरण होय. जन्मजात, व्यवसाय, दुष्काळात झालेला पत्नीचा मृत्यू, देवळाचा जीर्णोद्धार, कवित्वाची स्फूर्ती, वह्या बुडविल्यानंतरची अवस्था असा सारा वृत्तांत तुकोबा क्रमाने सांगतात. तथापि आरंभीच ते एक अट नोंदवितात : हे आपण होऊन सांगू नये; संतांनी विचारले म्हणून त्यांच्या शब्दाला मान देऊन सांगतो. याला केवळ विनय समजून पुढे जाणे बरे नव्हे. ज्या समाजात स्वतःविषयी बोलणे हा अहंकार ठरे, तेथे प्रश्न विचारणारे संत हेच त्या कथनाचे समर्थन होते. प्रश्न वगळला तर उत्तराचा अर्थच बदलतो.

तुकारामांना गुरुस्थानी मानणाऱ्या बहिणाबाईंच्या बाबतीत श्रोता अधिक जवळचा आहे. अंतकाळ जवळ आल्यावर त्या पुत्र विठोबास आपले पूर्वीचे बारा जन्म निवेदन करतात. स्त्रीने स्वतःचे चरित्र सांगण्यास त्या काळी लौकिक आधार फारसा नव्हता. तो आधार येथे मातृत्वाच्या नात्याने पुरविला आहे. 'निवेदन' हा शब्दही अर्थपूर्ण आहे. निवेदन नेहमी कोणाला तरी करावयाचे असते. त्यात चतुर्थीची अपेक्षा गृहीतच असते.

मुद्रणयुगात हा श्रोता नाहीसा झाला नाही. त्याने रूप बदलले. रमाबाई रानडे यांचे 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' हे पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले. त्यातील 'आमच्या' या रूपाकडे व्याकरणाच्या दृष्टीने पाहावे. मराठीत 'आपण' हे सर्वनाम श्रोत्यास सामावून घेऊ शकते. 'आम्ही' त्यास बाहेर ठेवते. रमाबाईंच्या 'आमच्या'त पती-पत्नी आहेत, वाचक नाही. वाचकाला न्यायमूर्तींविषयी ऐकावयाचे आहे, आणि त्या निमित्ताने पत्नीला स्वतःविषयी बोलता येते. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने निघाली. त्यांच्या मुळाशीही रेव्हरंड टिळकांच्या चरित्रासाठी आठवणी जमविण्याचा हेतू होता. पुढे त्या आठवणींनी तो हेतू केव्हाच मागे टाकला, ही गोष्ट निराळी.

याच सुमारास रंगभूमीवरील कलावंतांनी एकवचनाचा स्वीकार केला. गोविंदराव टेंबे यांचा 'माझा संगीत व्यासंग' (१९३९) आणि गणपतराव बोडस यांची 'माझी भूमिका' (१९४०) ही शीर्षकेच पुरेशी बोलकी आहेत. चिंतामणराव कोल्हटकरांच्या 'बहुरूपी'ला १९५८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. नटाला आपले आयुष्य सांगण्यासाठी आता दुसऱ्या कोणाचे निमित्त उरले नव्हते.

परंतु सर्वांनाच ही मोकळीक सारखी मिळाली, असे म्हणता येत नाही. अभिनेत्री हंसा वाडकर यांचे 'सांगत्ये ऐका' १९७० साली पुस्तकरूपाने आले. त्याचे नाव त्यांनी भूमिका केलेल्या १९५९ च्या चित्रपटावरून घेतलेले आहे. या शीर्षकात सर्वनाम नाही. तरीही शेजारच्या 'ऐका'मुळे 'सांगत्ये' हे रूप प्रथमपुरुषी ठरते आणि प्रत्यय बोलणारी स्त्री आहे हे सांगतो; आज्ञार्थी 'ऐका'ने श्रोता समोर उभा राहतो. दोन शब्दांत संपूर्ण संवाद उभा आहे. पूर्वीचा श्रोता विचारत होता. येथे त्याला ऐकण्यास फर्मावले आहे. हा फरक लहान नव्हे.

मात्र ग्रंथाच्या आत शिरले की अडचण सुरू होते. या कथनाचे शब्दांकन अरुण साधू यांनी केले. प्रथम ऐकणारे तेच. पण सलग प्रथमपुरुषी कथनात त्यांचे प्रश्न उरत नाहीत. 'मी गेले', 'मी बसले' यांतील स्त्रीलिंग हंसाबाईंचे खरे. पण प्रसंगांचा क्रम, परिच्छेदांची मांडणी, कोठे थांबावे याचा निर्णय कोणाचा, हे केवळ छापील पानावरून ठरविता येत नाही. एखाद्या प्रसंगाविषयीचे मौन कथन करणारीचे, की तो प्रश्न विचारलाच गेला नाही? वाङ्मयाचा वाचक याविना चालवून घेईल. इतिहासाचा किंवा भाषेचा अभ्यासक घेऊ शकत नाही. प्रतिभा रानडे यांच्या 'ऐसपैस गप्पा : दुर्गाबाईंशी' या पुस्तकात विचारणारीला शीर्षकापासूनच जागा आहे. त्यामुळे दुर्गाबाई भागवतांचे कोणते मत आपण होऊन आले आणि कोणते प्रश्नामुळे आले, याचा अंदाज वाचकास करता येतो. संशोधनाच्या दृष्टीने हा मोठाच लाभ आहे.

वस्तुतः ही दृष्टी मराठीस नवी नाही. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी त्यांच्या अनुयायांकडून मिळवून 'लीळाचरित्र' सिद्ध केले. त्या परंपरेत एकाच प्रसंगाविषयीच्या भिन्न आठवणी 'शोधु' या नावाने नोंदविल्या गेल्या. कोणी कसे सांगितले, हा मजकुराचाच भाग मानला गेला. मराठी गद्याच्या आरंभी जी दक्षता होती, ती ध्वनिमुद्रणाची साधने हाताशी असताना सोडून देण्याचे कारण नाही.

म्हणून कलावंतांच्या मुलाखती व शब्दांकित आत्मकथने यांचा उपयोग करताना दोन पथ्ये पाळावीत. उपलब्ध असेल तेथे मूळ ध्वनिमुद्रण आणि पहिला खर्डा पाहिल्याखेरीज वाक्यरचनेवरून व्यक्तिमत्त्वाविषयी निष्कर्ष काढू नयेत. आणि आपण स्वतः मुलाखत घेतली असेल तर प्रश्नही उत्तरांबरोबरच जतन करावेत. कलावंत आपल्याविषयी काय म्हणाला हे महत्त्वाचे आहेच; पण ते त्याने कोणाला सांगितले, हे कळल्यावाचून त्याच्या म्हणण्याचे मोल ठरत नाही.