बेचाळीसच्या आट्याचे कुळ

सोलापूर-पुणे हमरस्त्यावरील चिंचोळी एमआयडीसीत, जिथे मोटारींचे कॅमशाफ्ट मायक्रॉनच्या हिशेबाने घासले जातात, तिथल्याच एका लहानशा शेडमध्ये लेथपाशी उभा राहून ॲल्युमिनियमची एक कडी कातली जाताना पाहत असता, जुन्या फिल्म कॅमेऱ्यांच्या लेन्सला जे आटे असतात त्यांचे कुळ शोधावे असे मला तीव्रतेने वाटले.

लायकाने 1930च्या सुमारास 39 मिलिमीटर व्यासाचा आटा रूढ केला; परंतु कॅमेरा जर्मन असूनही आट्यांची मोजणी मात्र इंचाला 26 अशी इंग्रजी मापाची राहिली, कारण सूक्ष्मदर्शकांच्या धंद्यात तीच वहिवाट होती. पुढे ड्रेस्डेनच्या काँटॅक्स-एस आणि प्राक्टिका या कॅमेऱ्यांनी 1949 मध्ये 42 मिलिमीटर व्यास व 1 मिलिमीटर पिच, म्हणजे लगतच्या दोन आट्यांतले अंतर, असा निखळ मेट्रिक आटा आणला; 1957 मध्ये जपानच्या असाही पेंटॅक्सने आणि मागाहून सोव्हिएत झेनिटने तो स्वीकारला; आणि त्यावर कोणा एकाचा मक्ता न राहिल्यामुळे ड्रेस्डेनची लेन्स जपानी कॅमेऱ्यावर निर्वेध बसू लागली. यंत्रयुगातील ही उदारता मला फार मोलाची वाटते.

तथापि आटा बसला म्हणजे गोत्र जुळले असे नव्हे. लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचे अंतर या 42च्या कुळात 45.46 मिलिमीटर, तर 1959च्या निकॉनमध्ये 46.5. वडिलांच्या झेनिटवरची 58 मिलिमीटरची हेलिओस लेन्स माझ्या निकॉनवर चढवण्यासाठी, दुकानदाराच्या शब्दावर विसंबून, मी एक कडी घेतली. ती घट्ट बसलीही. पण संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत तीन-सव्वातीन मीटरपलीकडचा एकही नंदीध्वज काही केल्या स्पष्ट होईना. त्या एका मिलिमीटरने सारी यात्रा धूसर केली, याचे दुःख आजही आहे. उलट पेंटॅक्सने 1975 मध्ये आटा सोडून नवी पकड आणली तेव्हा 45.46 हे अंतर कटाक्षाने राखले; म्हणून तिथे आत बुडणारी पातळ कडी लावताच जुनी लेन्स क्षितिजापर्यंतचे दृश्य स्वच्छ देते. व्यास आणि पिच सारेच विचारतात. या तिसऱ्या आकड्याची चौकशी केल्याविना कडीचे पैसे देऊ नयेत.

चिंचोळीतली कडी मात्र लेन्सच्या पुढल्या तोंडाची होती. तिथला आटा 49चा. वडिलांनी डबीत जपलेला पिवळा फिल्टर 52चा. टर्नरने व्हर्नियर लावला, पिच गेजचे दात आट्यांत टेकवून उजेडाकडे धरले, फट दिसत नाही अशी खातरी केली आणि मगच कातण्यास आरंभ केला. 1918 मध्ये कोल्हापुरात बाबूराव पेंटर आणि दामले यांनी स्वतःचा सिनेकॅमेरा घडवला, तेव्हाही असेच हात आणि अशीच नजर कामी आली असेल, असे मनात आले.

कडीची आतली बाजू त्याने काळ्या, बिनचमकेच्या रंगाने माखली, कारण तिथली चकाकी थेट चित्रात उतरते. ती वाळल्यावर मी फिल्टर उजवीकडे पिळू लागताच त्याने हात धरला. “आधी उलटा फिरवा, साहेब, आटा पडला की हाताला कळतंय.” मी उलटा फिरवला. बारीक टक् झाले. मग फिल्टर दोन वेढे सरळ गेला आणि थांबला.