रिकाम्या जागेची छायाचित्रे : शेफील्ड, २००१

डिसेंबर २००१. इंग्लंडमधील शेफील्डच्या रस्त्यांवर काही माणसे जीव खाऊन धावत आहेत. ती कोणाचा तरी पाठलाग करीत आहेत. पण त्यांच्या पुढे रस्त्यावर कोणीच नाही. 🧵

‘कॅन यू सी मी नाऊ?’ हा खेळ ‘ब्लास्ट थिअरी’ हा कलावंतांचा गट आणि नॉटिंगहॅम विद्यापीठातील मिक्स्ड रिॲलिटी प्रयोगशाळा यांनी मिळून रचला होता. पळणारे खेळाडू कुठेतरी दूर संगणकासमोर बसून शहराच्या आभासी प्रतिकृतीत फिरत. पाठलाग करणारे मात्र हाडामांसाचे होते आणि त्यांच्याजवळ जीपीएस जोडलेला हातसंगणक असे. नकाशावर धावक पाच मीटरच्या आत आला, की खेळाडू बाद! धावकांचे वॉकीटॉकीवरील बोलणे आणि त्यांना लागलेली धापही खेळाडूंना ऐकू येई. माझ्या मते खेळाचा खरा जीव त्या आवाजात होता.

याची पूर्वपीठिका लष्करी आहे. मे २००० पर्यंत अमेरिका नागरी जीपीएसच्या संकेतात हेतुपुरस्सर चूक मिसळत असे; त्यामुळे दाखवलेले स्थान १०० मीटरपर्यंतही चुके. ती भेसळ थांबली आणि रस्त्यावर असा खेळ रचणे शक्य झाले.

तरीही चूक पुरती गेली नाही. उंच इमारतींच्या आडोशाला उपग्रहांचा संकेत हरवतो. धावकांनी सरावाने अशा जागा हेरल्या. तिथे दबा धरायचा, खेळाडू जवळ आला की उघड्यावर येऊन त्याला गाठायचे. (गनिमी काव्याच्या गोष्टी ऐकत वाढलेल्यांना हे वेगळे समजावायला नको.)

१९९१ मध्ये मार्क वायझर यांनी संगणक परिसरात विरून जावा, त्याची जाणीवही उरू नये, अशी कल्पना मांडली होती. इथे उलटेच घडले. यंत्राची उणीव लपवण्याऐवजी ती ओळखून वापरणारा धावक वरचढ ठरला. स्थानाधारित खेळांच्या अभ्यासकांनी पुढे हा धडा गांभीर्याने घेतला.

पण मला खिळवून ठेवते ती वेगळीच गोष्ट. खेळात शिरताना प्रत्येकाला एक प्रश्न विचारला जाई : दीर्घकाळ भेट न झालेली, तरीही तुम्हाला आठवणारी अशी कोणी व्यक्ती आहे का? खेळाडू एक नाव लिही आणि खेळ सुरू होई. तो पकडला गेला, की धावक तेच नाव उच्चारून ती व्यक्ती दिसल्याचे सांगे आणि त्या जागेचे छायाचित्र घेई.

ती छायाचित्रे जपली गेली. त्यांत पदपथ दिसतो, भिंत दिसते, रस्त्याचा कोपरा दिसतो. जिचे नाव घेतले, ती व्यक्ती मात्र कुठेच नसते.