बुद्धिबळ, संगणकीय : यंत्रगती व अतिगतीकरण

संगणकाकरवी बुद्धिबळाचा डाव खेळविण्याच्या तंत्रात यंत्राच्या गणनवेगाला आरंभापासून मध्यवर्ती स्थान आहे. पटावरील स्थितीतून पुढे संभवणाऱ्या खेळ्यांचा शोध जितका खोलवर घेता येईल, तितकी निवडलेली खेळी सामान्यतः अधिक निर्दोष ठरते; आणि ही खोली यंत्र दर सेकंदास किती स्थिती तपासू शकते, यावर बव्हंशी अवलंबून असते. त्यामुळे अधिक जलद यंत्र मिळविणे, केवळ बुद्धिबळासाठी खास यंत्र बांधणे किंवा हाती असलेले यंत्र उत्पादकाने नेमून दिलेल्या वेगमर्यादेबाहेर चालविणे असे तीन मार्ग अनुसरले गेले. यांपैकी तिसऱ्या मार्गास अतिगतीकरण किंवा रूढ भाषेत ओव्हरक्लॉकिंग असे म्हणतात. खेळाचे सामर्थ्य वेगात आहे की ज्ञानात, हा या विषयाच्या इतिहासातील मूळ वाद असून अतिगतीकरणाचे महत्त्वही त्याच संदर्भात पाहावे लागते. [→ बुद्धिबळ; संगणक].

आरंभीचा काळ : या विषयाची सैद्धांतिक मांडणी अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९५० मध्ये ‘फिलॉसॉफिकल मॅगझीन’ या नियतकालिकातील निबंधात केली. प्रत्येक स्थितीत सरासरी सु. ३० वैध खेळ्या व डावाची लांबी सु. ४० चाली धरल्यास संभाव्य डावांची संख्या एकावर १२० शून्ये इतकी होते, असे त्यांनी दाखविले. दर मायक्रोसेकंदास एक पर्याय तपासणाऱ्या यंत्रालाही पहिली खेळी ठरविण्यास एकावर ९० शून्ये इतक्या वर्षांहून अधिक काळ लागेल. म्हणजे केवळ वेगाच्या बळावर बुद्धिबळाचा संपूर्ण उलगडा होणे अशक्य आहे. म्हणून शॅनन यांनी दोन पद्धती सुचविल्या. पहिल्या पद्धतीत ठराविक खोलीपर्यंत सर्व खेळ्या तपासावयाच्या, तर दुसऱ्या पद्धतीत निवडक, आशादायक खेळ्यांचाच पाठपुरावा करावयाचा. पहिलीत वेगाला महत्त्व, दुसरीत ज्ञानाला. पुढील सर्व प्रयत्न या दोन ध्रुवांमध्ये फिरत राहिले.

ब्रिटिश गणितज्ञ ॲलन ट्यूरिंग यांनी १९५२ मध्ये स्वतः रचलेल्या नियमांनुसार कागदावर आकडेमोड करून ॲलिक ग्लेनी यांच्याशी एक डाव खेळला. प्रत्येक खेळीस सु. अर्धा तास लागला व डाव ‘कागदी यंत्रा’ने गमावला. १९५६ मध्ये लॉस ॲलॅमॉस येथील मॅनिॲक या संगणकावर ६ × ६ घरांच्या पटावर, उंट वगळून, खेळ रचण्यात आला. सेकंदाला सु. ११,००० क्रिया करणाऱ्या त्या यंत्रास दोन्ही पक्षांच्या मिळून चार खेळ्यांपर्यंत पाहण्यास सु. १२ मिनिटे लागत.

वेगाची काटकसर : यंत्रे जलद होण्याची वाट न पाहता त्यांचे काम कमी करण्याचे उपायही शोधले गेले. त्यांपैकी आल्फा-बीटा छाटणी हा सर्वांत फलदायी ठरला. एखाद्या खेळीला प्रतिपक्षाचे एक चोख उत्तर सापडले, की तिची इतर उत्तरे तपासण्याचे कारण उरत नाही, हे तिचे तत्त्व होय. खेळ्यांचा क्रम उत्तम लावला असता तपासावयाच्या स्थितींची संख्या मूळ संख्येच्या वर्गमूळाइतकी खाली येते. डॉनल्ड क्नूथ व रोनाल्ड मूर यांनी १९७५ मध्ये या पद्धतीचे गणिती विश्लेषण प्रसिद्ध केले.

दुसरा उपाय स्मृतीचा. वेगवेगळ्या खेळ्याक्रमांनी तीच स्थिती पुनःपुन्हा येते. तिचे उत्तर साठवून ठेवल्यास पुन्हा शोध घ्यावा लागत नाही. रिचर्ड ग्रीनब्लाट यांच्या ‘मॅकहॅक’ (१९६७) या कार्यक्रमात अशा कोष्टकाचा उपयोग केलेला होता. ॲल्बर्ट झोब्रिस्ट यांनी १९७० मध्ये प्रत्येक स्थितीला यदृच्छ अंकांवरून एक खूणसंख्या देण्याची सोपी रीत सुचविली. ती आजही प्रचलित आहे. या कोष्टकामुळे मुख्य स्मृतीचा वेग हाही सामर्थ्याचा एक घटक बनला.

खास यंत्रे : बेल प्रयोगशाळेतील केन टॉम्पसन व जो काँडन यांचे ‘बेल’ हे यंत्र बुद्धिबळासाठीच बांधलेल्या मंडलांवर चाले व सेकंदाला सु. १,६०,००० स्थिती तपासे. १९८० मध्ये लिंझ येथील जागतिक संगणक स्पर्धा त्याने जिंकली. टॉम्पसन यांनी त्याच कार्यक्रमाच्या कमीअधिक खोलीच्या आवृत्त्या परस्परांशी खेळवून एक महत्त्वाचा प्रयोग केला. खालच्या स्तरावर शोधाची खोली एका खेळीने वाढली की इलो गुणांकनात सु. २०० गुणांची भर पडते, मात्र खोली वाढत जाईल तशी ही भर घटते, असे त्यात दिसून आले. वेगाची किंमत प्रथमच अंकांत मांडली गेली.

याच परंपरेत ‘डीप थॉट’ व पुढे आयबीएम कंपनीचे ‘डीप ब्लू’ हे यंत्र निर्माण झाले. सेकंदाला सु. २० कोटी स्थिती तपासणाऱ्या, ४८० खास संकलित मंडले असलेल्या डीप ब्लूने मे १९९७ मध्ये न्यूयॉर्क येथे विश्वविजेत्या गॅरी कास्पारॉव्ह यांचा सहा डावांच्या सामन्यात ३१/२–२१/२ असा पराभव केला. तथापि त्याच यंत्राच्या आधीच्या प्रायोगिक आवृत्तीला १९९५ मध्ये हाँगकाँग येथील जागतिक स्पर्धेत साध्या पेंटियम संगणकावर चालणाऱ्या ‘फ्रिट्झ’ कार्यक्रमाने हरविले होते, ही गोष्टही लक्षात ठेवण्यासारखी आहे.

अतिगतीकरणाचे तत्त्व : खास यंत्र बांधणे मोठ्या संस्थांनाच शक्य होते. सामान्य अभ्यासकापाशी बाजारात मिळणारा सूक्ष्मप्रक्रियकच असे. १९८० पासून सूक्ष्मसंगणकांच्या स्वतंत्र जागतिक स्पर्धा सुरू झाल्या. त्यांत निर्माते विक्रीच्या नमुन्यांपेक्षा अधिक वेगाने चालविलेली प्रायोगिक यंत्रेही उतरवीत. ‘मेफिस्टो पोलगार’ हे यंत्र ५ व १० मेगॅहर्ट्‌झ अशा दोन वेगांत उपलब्ध होते. कार्यक्रम एकच आणि घड्याळ दुप्पट, अशी तुलना त्यामुळे करता येत असे.

सूक्ष्मप्रक्रियकातील सर्व क्रिया एका ठराविक कंप्रतेच्या स्पंदांशी जुळवून होतात. एका स्पंदापासून दुसऱ्या स्पंदापर्यंतच्या अवधीत संकेत ट्रँझिस्टरांच्या साखळीतून पलीकडे पोहोचला पाहिजे. उत्पादक सर्वांत प्रतिकूल तापमान व विद्युत् दाब गृहीत धरून कंप्रता ठरवितो; त्यामुळे बहुतेक नगांत काही क्षमता शिल्लक असते. अतिगतीकरण ही शिल्लक वापरण्याची क्रिया होय. १९९८ मधील सेलेरॉन ३००ए हा सूक्ष्मप्रक्रियक याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. त्याची कंप्रता ही मंडलफलकावरील ६६ मेगॅहर्ट्‌झच्या साडेचारपट होती. फलकाची कंप्रता १०० वर नेताच पुष्कळसे नग ४५० मेगॅहर्ट्‌झवर निर्वेध चालत. बुद्धिबळाचा बराचसा कार्यक्रम सूक्ष्मप्रक्रियकातीलच छोट्या, जलद स्मृतीत मावत असल्याने कंप्रतेतील ही वाढ खेळाच्या वेगात जवळजवळ पूर्णपणे उतरे.

या लाभाला भौतिकीची मर्यादा आहे. खर्च होणारी शक्ती कंप्रतेच्या सम प्रमाणात, परंतु विद्युत् दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. कंप्रता २० टक्के वाढविण्यासाठी दाब १० टक्के वाढवावा लागला, तर शक्ती १·२ × १·१ × १·१ म्हणजे सु. १·४५ पट होते. ही सर्व उष्णता बाहेर काढावी लागते. म्हणून मोठे पंखे, पाण्याचे शीतन किंवा प्रशीतक यंत्रणा यांचा आश्रय घेतला जातो.

स्मृतीचा वेग : स्थितिकोष्टकातील नोंदी स्मृतीत विखुरलेल्या असल्याने एका वेळी किती माहिती वाहून आणता येते यापेक्षा एक नोंद हाती येण्यास लागणारा विलंब अधिक महत्त्वाचा ठरतो. डीडीआर४ जातीच्या २४०० अंकित वेगाच्या स्मृतीत १६ स्पंदांचा विलंब सु. १३·३ नॅनोसेकंद भरतो. ३२०० वेगाला तेवढेच स्पंद ठेवता आल्यास तो १० नॅनोसेकंदांवर येतो. स्पंदांची संख्या वाढवून नुसता अंकित वेग वाढविल्यास लाभ फारसा पदरी पडत नाही. याउलट स्मृतीची पाने ४ किलोबाइटांऐवजी २ मेगॅबाइटांची ठेवली, तर पत्ता शोधण्याचे काम कमी होऊन कसलाही धोका न पत्करता वेग वाढतो.

लाभ व धोके : यंत्राचा वेग दुप्पट झाल्यास सु. ५० ते ७० इलो गुणांची वाढ होते, असा विसाव्या शतकाच्या अखेरचा ढोबळ अनुभव होता. या हिशेबाने २० टक्के अतिगतीकरणाचा लाभ सु. १६ गुण भरतो. दोन तुल्यबळ प्रतिस्पर्ध्यांत एवढ्या फरकाने शंभर डावांतील अपेक्षित गुण ५० वरून ५२·३ च्या आसपास जातात. आणि हा फरक यदृच्छेचा नव्हे, हे खात्रीने सांगण्यास एक ते दोन हजार डाव खेळवावे लागतात. दहा-बारा डावांवरून काढलेल्या निष्कर्षांना म्हणूनच शास्त्रीय मूल्य नाही.

अतिगतीकरणाचा खरा धोका यंत्र बंद पडण्यात नसून ते न बंद पडता चुकण्यात आहे. मर्यादेच्या काठावर चालणाऱ्या स्मृतीत एखादा द्विमान अंक बदलला, तर कोष्टकातील मूल्यमापन खोटे ठरते आणि कार्यक्रम निमूटपणे चुकीची खेळी निवडतो. डावाच्या नोंदीवरून ती चूक ज्ञानाची की यंत्राची, हे ओळखता येत नाही. यावर एक साधी परीक्षा उपलब्ध आहे. ‘स्टॉकफिश’ या कार्यक्रमाची एकाच धाग्यावरील ठराविक चाचणी दर वेळी नेमकी तेवढ्याच स्थिती तपासते. ही संख्या एका अंकानेही बदलली, तर दोष यंत्रात आहे असे समजावे. दीर्घ विश्लेषण करणाऱ्याने वेगापूर्वी ही खात्री करून घेणे इष्ट होय.

स्पर्धा व समानता : वेग विकत घेता येतो, तेव्हा विजय कार्यक्रमाचा की यंत्राचा, हा प्रश्न उभा राहतो. २००४-०५ च्या सुमारास उष्णतेमुळे कंप्रतेची वाढ कुंठित झाली आणि एका तबकडीवर अनेक गाभे बसविण्यास प्रारंभ झाला. परिणामी श्रीमंत स्पर्धकांना शेकडो गाभ्यांचे समूह जोडणे शक्य झाले. २००९ मध्ये पँप्लोना येथील जागतिक स्पर्धेत यंत्रांवर आठ गाभ्यांची मर्यादा घालण्यात आली. २०१० पासून सर्व कार्यक्रमांना सारखेच यंत्र देणारी वेगळी स्पर्धाही भरू लागली. अशा स्पर्धांत अतिगतीकरणाला अर्थ उरत नाही. मुक्त यंत्रांच्या स्पर्धेत मात्र ते स्पर्धकाच्या कौशल्याचाच भाग मानले जाते. दोन्ही भूमिकांना आपापले समर्थन आहे. मोजावयाचे काय हे आधी ठरविणे एवढेच आवश्यक असते.

वेग व ज्ञान यांचे नवे नाते : २००९ मध्ये ब्वेनस एअरीझ येथील एका स्पर्धेत ‘पॉकेट फ्रिट्झ ४’ या कार्यक्रमाने साध्या भ्रमणध्वनीवर चालून १० पैकी ९१/२ गुण मिळविले. त्याचा वेग सेकंदाला २०,००० स्थितींहूनही कमी, म्हणजे डीप ब्लूच्या दशसहस्रांशाच्या आत होता. १९९७ नंतरच्या बारा वर्षांत कार्यक्रमरचनेच्या ज्ञानाने किती मजल मारली, याचे हे बोलके प्रमाण होय. २०१७ मध्ये ‘आल्फाझीरो’ने सेकंदाला सु. ८०,००० स्थिती तपासून सात कोटी स्थिती तपासणाऱ्या स्टॉकफिशशी १०० डावांत २८ विजय व ७२ बरोबऱ्या नोंदविल्या. त्या सामन्याच्या अटींवर आक्षेप घेतले गेले, तरी दिशा स्पष्ट झाली. सप्टेंबर २०२० मधील स्टॉकफिश १२ या आवृत्तीत मूल्यमापनासाठी चेताजालाचा अवलंब करण्यात आला. दर सेकंदास तपासल्या जाणाऱ्या स्थिती घटल्या, पण खेळ लक्षणीयरीत्या बलवान झाला.

यावरून वेगाचे महत्त्व संपले असे मात्र नव्हे. चेताजालाला प्रत्येक स्थितीमागे कितीतरी अधिक आकडेमोड करावी लागते आणि आल्फाझीरोच्या मागेही याच कामासाठी घडविलेले खास प्रक्रियक होते. पूर्वी जो वेग अधिक स्थिती पाहण्यात खर्ची पडे, तो आता एकेक स्थिती अधिक बारकाईने जाणण्यात खर्ची पडतो. अशा आकडेमोडीने सूक्ष्मप्रक्रियक अधिक तापत असल्याने अतिगतीकरणाला पूर्वीइतका वाव राहिलेला नाही. शिवाय आधुनिक सूक्ष्मप्रक्रियक तापमान पाहून आपली कंप्रता स्वतःच वाढवितात. शॅनन यांनी वेगळ्या मानलेल्या दोन पद्धती अशा रीतीने एकत्र आल्या असून, वेग ज्ञानाला किती उपयोगी पडतो यावरच आज त्याचे मोल ठरते.