शिरेतील नळी आणि विश्वास

शिरेतून द्यावयाची प्रतिजैविके घरीच देण्याच्या प्रथेचा उगम १९७४ साली अमेरिकेतील ह्यूस्टन येथे सिस्टिक फायब्रोसिसने पीडित मुलांवरील उपचारांत आढळतो. हृदयाच्या झडपांना जंतुसंसर्ग झाल्यास अशी औषधे बहुधा चार ते सहा आठवडे द्यावी लागतात. तेथेही ही सोय वरदान ठरली.

सुईने मादक द्रव्ये घेणाऱ्यांना हा संसर्ग विशेष जडतो; तरीही अनेक ठिकाणी त्यांना ही सोय नाकारण्यात आली. शिरेत नळी ठेवून घरी धाडले, तर ते तिच्यातूनच नशा करतील, ही भीती! परिणामी कित्येक जण उपचार अर्धवट टाकून रुग्णालय सोडीत.

सिंगापूरच्या डॉक्टरांनी नळीला मोहोरबंद करून असे २९ निवडक रुग्ण घरी पाठविले. २०१० च्या त्यांच्या अहवालात नळीचा एकही गैरवापर नोंदलेला नाही. अमेरिकी तज्ज्ञांच्या २०१८ च्या मार्गदर्शिकेने सरसकट होकार वा नकार न देता प्रत्येक रुग्णाचा स्वतंत्र विचार सुचविला.

शुभवर्तमानातील भल्या शोमरोन्याने जखमीचा पूर्वेतिहास विचारला नाही. त्याची सोय लावली व परत येण्याचे वचन दिले. व्यसनाधीन रुग्णाला निरोप देतानाही करुणेला अशाच पाठपुराव्याची जोड हवी, असे आम्हांस वाटते.